दोन थेंब मारून बघा

शेलारमध्ये कुठलाही आवाज झाला की माणसं आधी तेलाची कुपी शोधतात. आवाज कशाचा, कुठून येतोय, का येतोय, हे प्रश्न नंतरचे. बहुतेक वेळा ते निघतच नाहीत. भिवंडीच्या नदीनाक्यावरून कामवारी ओलांडली आणि वाड्याच्या रस्त्याला लागलं की यंत्रमागांची खटखट कानावर येते. त्या खटखटीत जन्म काढलेल्या माणसाच्या लेखी जगात आवाज दोनच: तेल प्यायलेला आणि तेल मागणारा. माग ठोकतोय, म्हणजे पोट भरलंय. चिरकला, म्हणजे तहान लागलीय. दार करकरलं, तेल. शिलाई मशीन अडखळलं, तेल. एका वरातीत क्लॅरोनेट बेसूर झाली तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा म्हणाले, "दोन थेंब मारा रे तिला." आजोबा थट्टा करत नव्हते.

या श्रद्धेला आधार नाही असं नाही. साध्या मागात धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो. क्रँक फिरतो, पिकर आपटतो, लोखंड लाकडाला आणि लाकूड चामड्याला घासत राहतं. तेल चुकलं तर माग तापतो, मग अडतो, मग मोडतो, आणि मग मालक मोडतो. म्हणून जॉबर लांब चोचीची कुपी घेऊन मागांच्या रांगेतून फिरत असतो. कारखाना मालकाच्या नावावर असतो, पण माग कधी थांबवायचा आणि कधी चालू करायचा हे जॉबर ठरवतो. त्याचं मत सहसा तेलाच्या बाजूनं पडतं.

अशा गावात झेरॉक्सचं दुकान आहे. एका बाजूला चहाची टपरी, दुसऱ्या बाजूला मोबाइलवाला, मध्ये दहा बाय आठच्या गाळ्यात एक कॉपियर, एक लेझर प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि त्या सगळ्यांवर पसरलेली कापसाची तूस. तूस ही इथली हवाच आहे. सकाळी पुसली की दुपारी पुन्हा हजर. दुकानदार स्थानिक, वागायला मवाळ, पण स्वच्छतेच्या बाबतीत अगदी कडक. दिवसातून किती वेळा तो काच पुसतो ते त्याच्या घरच्यांनाही माहीत नसावं. त्याचा हा गुण पुढे महाग पडणार होता.

या दुकानाकडे तुच्छतेनं पाहू नये. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या कामगाराला खोली मिळते ती इथल्या भाडेकराराच्या कॉपीवर. गोदामाकडे निघालेल्या ट्रकची बिल्टी इथे दुप्पट-तिप्पट होते. सरकार मुंबईत योजना जाहीर करतं, पण ती खरोखर आली की नाही हे गावाला या दुकानापुढची रांग बघून कळतं. जुलै 2024 मध्ये 'लाडकी बहीण'चे अर्ज सुरू झाले, तेव्हा रांग टपरी ओलांडून रस्त्यावर गेली होती. आधार, रेशनकार्ड, पासबुक, हमीपत्र. मुदत आधी 15 जुलैची होती, मग 31 ऑगस्टची झाली. मुदत वाढली की रांग ओसरेल असं वाटणारा माणूस आपल्याकडचा नसावा. रांग लांबली. बहिणींच्या खात्यात पैसे यायला वेळ होता, ड्रमचं आयुष्य मात्र आधीच संपलं.

कॉपियरच्या पोटात ड्रम असतो, हे रांगेतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. ढोल-ताशातल्या ढोलाशी त्याचा संबंध नाही. ॲल्युमिनियमची एक नळी, तिच्यावर उजेडाला दाद देणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांचे थर, सगळे मिळून केसाच्या निम्म्या जाडीचेही नाहीत. अंधारात या थरावर काहीशे व्होल्टचा भार बसवतात. उजेड पडेल तिथला भार ओसरतो आणि भाराचं एक अदृश्य चित्र उरतं. त्या चित्राला टोनरची भुकटी चिकटते, भुकटी कागदावर उतरते, पुढे तापलेल्या रोलरखाली वितळून पक्की होते. थोडी भुकटी ड्रमवर राहतेच. ती खरवडायला पॉलियुरेथेनची एक पातळ पट्टी ड्रमला धार टेकवून बसलेली असते. दुकानांत तिला वायपर ब्लेड म्हणतात. सगळं महाभारत या पट्टीपायी घडतं.

दुकानदारानं नवा ड्रम आणि नवं ब्लेड आणलं. मेकॅनिक कल्याणहून यायचा, त्याला दोन दिवस लागणार होते आणि बहिणी थांबायला तयार नव्हत्या. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि स्वतःच मशीन उघडलं. ड्रम काळ्या कागदातून काढला, तर त्याच्यावर पांढुरकी, पिठूळ अशी काहीतरी पूड. शेलारमध्ये पांढुरकं काही दिसलं की ती तूस, हा नियम. त्यानं स्वच्छ मऊ फडकं घेतलं आणि ड्रम आरशागत चकचकीत केला. ब्लेडही पुसलं. झाकण लावलं, बटण दाबलं.

जो आवाज आला त्याचं वर्णन करायला माझ्याकडे अक्षरं कमी आहेत. 'कीं' म्हणून लिहिलं तर त्यातला अपमान उतरत नाही. टपरीवरच्या माणसानं हातातला ग्लास खाली ठेवला. एका बहिणीच्या कडेवरचं मूल रडायचं थांबलं, कारण त्याच्यापेक्षा वरचढ कोणीतरी निघालं होतं.

आणि रांगेनं एकमुखानं निदान केलं.

निदान एक असलं तरी औषधात पंथ होते. शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या मते मशीनचं पातळ तेल, दुसरं काही नको. टेम्पोवाल्यानं ग्रीस सुचवलं. त्याच्या गाडीचा आवाज ऐकल्यावर त्याचा सल्ला घेणं अवघड होतं. एका काकूंनी खोबरेल सांगितलं आणि पिशवीतून बाटली काढलीही. निवृत्त गुरुजींनी आधी घर्षणाची व्याख्या सांगितली, मग तेच सांगितलं. काकाबरोबर आलेला एक सातवीतला मुलगा मात्र म्हणाला, "पावडर टाका ना, कॅरमला टाकतो तशी." सगळे हसले. काकानं त्याच्या डोक्यात टपली मारली. इतक्यात समोरच्या कारखान्यातला जॉबर चहाला आला, कान टवकारून आवाज ऐकला आणि शांतपणे निकाल दिला, "सेठ, दो बूंद मारो. चुप हो जाएगा." जॉबर बोलल्यावर चर्चा संपते. कुपी त्याच्या हातातच होती.

मशीन चुप झालं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तेलाला विरोध करणाऱ्यांनी ही गोष्ट लपवू नये. आवाज थांबला, रांगेत कोणीतरी टाळीही वाजवली. मग कॉपी बाहेर आली. आधारवरचा फोटो ज्या बाईंचा होता त्या कपाळापासून हनुवटीपर्यंत काळ्याकुट्ट चिखलात बुडाल्या होत्या. नाव वाचता येत नव्हतं, जन्मतारीख तर पुसलीच गेली होती. बाईंनी कागद हातभर लांब धरला, नीट पाहिला आणि म्हणाल्या, "वय दिसत नाय, त्ये बरं झालं. पन घेतील का?"

झालं असं, की तेल ड्रमवर पसरलं, भुकटी तेलात कालवली गेली आणि ब्लेडनं तो लेप सगळीकडे सारवला. ड्रमला तीन गोष्टी अजिबात खपत नाहीत: जास्तीचा उजेड, घामेजलं बोट आणि तेल. बोटाचा नुसता ठसा उमटला तरी त्या जागी थर बिघडू शकतो, आणि मग त्याची फेड प्रत्येक कागदावर होत राहते. 30 मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा घेर 94 मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणून एकच डाग ए-फोर कागदावर तीनदा उमटतो, बरोबर तेवढ्याच अंतरानं. मेकॅनिक लोक पट्टी घेऊन डागांतलं अंतर मोजतात आणि गुन्हेगार ड्रम की दुसरा कुठला रोलर, हे मशीन न उघडता सांगतात. हातावरच्या रेषा वाचणाऱ्यांपेक्षा हे शास्त्र कितीतरी भरवशाचं आहे, आणि त्याची फीसुद्धा कमी आहे.

मेकॅनिक तिसऱ्या दिवशी आला. कमी बोलणारा माणूस. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला, आणि दुकानदाराकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी याआधी फक्त दाताच्या डॉक्टरकडे पाहिली होती. "तेल?" तो म्हणाला. दुकानदार म्हणाला, "दोनच थेंब." मेकॅनिक म्हणाला, "कोणी तिसरा मारत नाही."

मग त्यानं बॅगेतून नवा ड्रम, नवं ब्लेड, भार देणारा छोटा रोलर आणि एक डबी काढली. डबीत पांढरी, पिठाहून मऊ पूड. सातवीतला तो मुलगा तेव्हा तिथे असायला हवा होता. दुर्दैवानं शाळा होती.

पुडीचं नाव झिंक स्टिअरेट. जस्त आणि स्टिअरिक आम्ल यांपासून बनलेली, पाण्याला न जुमानणारी, बोटावर घेतली तर निसटणारी. पॉलियुरेथेनची कोरडी धार कोऱ्या, गुळगुळीत ड्रमवर टेकली की ती सरकत नाही, धरते. ड्रम तिला ओढतो, ती ताणते, सुटते, परत धरते. हा धर-सोडीचा खेळ सेकंदाला कितीतरी वेळा चालतो, तीच ती किंचाळी. फारच झालं तर ब्लेडची धार उलटी मुडपते आणि मग आवाजही थांबतो, खरवडणंही थांबतं. चालू मशीनमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण धारेशी कायम थोडी टोनर साठलेली असते आणि तीच वंगणाचं काम करते. नव्याकोऱ्या जोडीजवळ ती नसते. म्हणून बसवण्याआधी धारेला ही पूड लावतात. जवळ डबी नसेल तर मुरलेले मेकॅनिक टोनरच ब्रशनं धारेला लावतात. दुकानदारानं तूस म्हणून पुसून टाकली होती ती कारखान्यातूनच लावून आलेली अशीच पूड होती. स्वच्छता हा मोठा गुण आहे, पण कुठल्या गोष्टीची, हे आधी विचारावं.

मेकॅनिकनं ब्लेडच्या धारेवर पूड टेकवली, जास्तीची झटकली, ड्रमवर एक अगदी विरळ हात फिरवला. मग ड्रम हातानं फिरवला, सरळ दिशेनंच. उलटा फिरवला तर धार मुडपायची भीती. खोलीतला दिवा त्यानं विझवायला लावला आणि उघड्या ड्रमवर काळं फडकं टाकलं. पहिल्या चार-पाच कॉप्यांवर फिकट पट्टे आले, कारण सांडलेली पूड भार देणाऱ्या रोलरवर गेली होती. "बसू द्या," तो म्हणाला. बसलं. सहावी कॉपी स्वच्छ आली आणि मशीननं हूं की चूं केलं नाही.

झिंक स्टिअरेट चेहऱ्याला लावायच्या पावडरीतही घालतात, म्हणजे ती कातडीला धरून राहते. तेव्हा कॅरमवाला मुलगा पूर्ण बरोबर नव्हता, पण रांगेत सर्वांत जवळ तोच पोचला होता. पूर्ण बरोबर नव्हता कारण कॅरमची किंवा टाल्कमची पावडर ड्रमसाठी बनवलेली नसते आणि तिच्यातली सुगंधी भर कॉपियरला कळत नाही. रिकोच्या काही मोठ्या मशीनमध्ये तर झिंक स्टिअरेटची वडीच बसवलेली असते. फिरता ब्रश ती झिजवत जातो आणि ड्रमला थोडी थोडी पुरवत राहतो.

या यंत्राच्या जन्मापासून पाहिलं तर तेलाला तिथे मुळात आमंत्रणच नव्हतं. चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता. कागदपत्रांच्या नकला करून करून तो कंटाळला, सांधे दुखत होते, रात्री कायद्याचा अभ्यास चालू होता. आधी त्यानं घरच्या स्वयंपाकघरात गंधक वितळवून प्रयोग केले. शेजाऱ्यांनी ते कसं सोसलं कोण जाणे. मग ॲस्टोरिया भागात एक खोली घेतली आणि ओटो कोर्नाई नावाचा ऑस्ट्रियाहून आलेला पदार्थवैज्ञानिक मदतीला ठेवला. 22 ऑक्टोबर 1938 ला त्यांनी गंधक चढवलेला जस्ताचा पत्रा सुती रुमालानं घासून त्यावर भार बसवला, काचेच्या पट्टीवर तारीख आणि 'ॲस्टोरिया' लिहून ती पत्र्यावर ठेवली, दिव्याचा उजेड टाकला, लायकोपोडियम या वनस्पतीची भुकटी भुरभुरवली, फुंकर मारली आणि राहिलेली अक्षरं मेणकागदावर उचलली. रुमाल, पावडर, मेण. जगातल्या पहिल्या झेरॉक्सचं सामान एवढंच. सुती रुमाल असल्यामुळे या शोधावर थोडा हक्क भिवंडीनं सांगायला हरकत नाही. आम्ही याहून कमी पुराव्यावर हक्क सांगितलेले आहेत.

आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए, सगळ्यांनी त्याला परत पाठवलं. पेटंट 1942 साली मिळालं, पण कार्यालयात ठेवता येईल असं यंत्र, झेरॉक्स 914, यायला 1959 साल उजाडलं. वजन जवळपास तीनशे किलो. ड्रम पुसायला सशाच्या केसांचा फिरता ब्रश. कागद आत अडकला तर कधीकधी पेट घ्यायचा, म्हणून कंपनी सोबत आग विझवायचं छोटं नळकांडं द्यायची आणि त्याला 'स्कॉर्च एलिमिनेटर' म्हणायची. 'आग' हा शब्द गिऱ्हाइकाला घाबरवतो, 'करपणं' मात्र घरातलंच वाटतं. आपल्याकडे 1983 मध्ये मोदी झेरॉक्स कंपनी निघाली, आणि पुढे कुठल्याही कंपनीचं मशीन असो, पाटीवर 'झेरॉक्स'च लिहायची पद्धत पडली.

तेलवाल्यांच्या बाजूनंही एक साक्ष आहे आणि ती मांडल्याशिवाय हा खटला निष्पक्ष होणार नाही. जुन्या कॉपियरमध्ये तेल असायचं. खरोखरचं, कंपनीनं नेमलेलं सिलिकॉन तेल. पण ते ड्रमला नाही, पुढच्या तापलेल्या रोलरला, तेही वातीनं किंवा फेल्टच्या पट्टीनं, वितळलेली टोनर रोलरला चिकटून राहू नये म्हणून. पुढे टोनरच्या कणांतच मेण मिसळायला लागले आणि त्या तेलाचीही नोकरी गेली. गिअरला जरासं पांढरं ग्रीस लागतं, तेवढंच आता उरलंय. टेम्पोवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी ग्रीसच म्हटलो होतो." त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान मला मोडवलं नाही.

खरी अडचण जॉबरची होती. त्याचं मत चुकलं, ही बातमी चहाच्या टपरीवर पसरली होती आणि कारखान्यात त्याच्या शब्दाला असलेलं वजन धोक्यात आलं होतं. तो दुकानात आला, हात मागे बांधून उभा राहिला, मेकॅनिकनं काढून ठेवलेला तेलकट ड्रम बराच वेळ न्याहाळत राहिला. मेकॅनिकनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं: यावर अक्षर उमटतं, डाग पडला तर प्रत्येक अक्षरावर दिसतो. जॉबरचा चेहरा बदलला. मागाला दिवसभर तेल पाजणारा हाच माणूस, ताक्यावर तेलाचा एक थेंब उडाला तर कारागिराला फैलावर घेतो. व्यापारी घडीवर ताका उलगडतो, डाग दिसला की पैसे कापतो, ताका सेकंडच्या मालात जातो. तेल मागात हवं, कापडावर नको, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं ड्रमकडे बोट दाखवलं, स्पर्श मात्र केला नाही.

"ऐसा बोलो ना," तो म्हणाला. "ये मशीन थोडी है. ये तो कपडा है."

इतकं सोपं मेकॅनिकलाही सांगता आलं नव्हतं. जॉबरची इज्जत त्याच संध्याकाळी परत आली, कारण आता तो टपरीवर सगळ्यांना समजावत होता की झेरॉक्सच्या ड्रमला तेल घालणारा माणूस अडाणी असतो.

दुकानदार मात्र पुरता बदलला. मेकॅनिककडून त्यानं झिंक स्टिअरेटची एक डबी विकत घेतली आणि गल्ल्याशेजारी, गणपतीच्या फोटोखाली ठेवली. त्याचा तेलावरचा विश्वास उडाला तो कायमचा. पंख्याच्या कप्पीला पावडर. टेबलाच्या खणाला पावडर. लॅमिनेशनच्या यंत्राला लावायला निघाला होता, बायकोनं हात धरला. मागच्या आठवड्यात गेलो तर दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं होतं आणि गावभर ऐकू जाईल असं रडत होतं. जॉबर कुपी घेऊन पायरीवर उभा, विनवतोय, "सेठ, ये तो सच में लोहा है." आणि दुकानदार शटरच्या पट्टीत चिमटीनं पावडर सोडत म्हणतोय, "थांब जरा. अजून बसायचीय."